तीन मिलिमीटरची पिट्युटरी गाठ शोधायची तर: साधा एमआरआय, डायनॅमिक, एसपीजीआर, पेट की आयपीएसएस?

अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे हार्मोन कॉर्टिसॉल जास्त असल्याचे रक्तात पक्के झाले, ते बनवायला लावणारे पिट्युटरीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे) हार्मोन एसीटीएच दबलेले नाही, आणि हातात चिठ्ठी आली: "पिट्युटरीचा एमआरआय करून या." खरी पंचाईत स्कॅन सेंटरच्या काउंटरवर सुरू होते. १.५ टेस्ला हवा की ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद)? कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे इंजेक्शन) घालायचे का? डायनॅमिक वेगळे, त्याचे पैसे वेगळे. आणि एवढे करून रिपोर्टमध्ये "पिट्युटरी सामान्य" असे आले, तर पेट स्कॅनकडे जायचे की जांघेतून नळी घालून पिट्युटरीजवळच्या रक्ताचे नमुने घेण्याकडे (आयपीएसएस)?

हार्मोन तयार करणाऱ्या पिट्युटरी गाठींमध्ये एसीटीएच बनवणारी, म्हणजे कॉर्टिसॉल वाढवणाऱ्या कुशिंग आजाराची गाठ शोधायला सर्वांत कठीण. म्हणून इथली तुलना तिच्याभोवती मांडली आहे. प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोनच्या गाठींचा हिशेब बराच वेगळा आहे. तो पुढे थोडक्यात येईल.

चित्राआधी रक्त

पिट्युटरीचा स्कॅन निदान करत नाही. निदान रक्त, लघवी आणि लाळेतून होते. गाठ कुठे आहे एवढेच स्कॅन सांगतो. हा क्रम उलटला की गडबड होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० निरोगी स्वयंसेवकांच्या पिट्युटरीचा एमआरआय केला, तेव्हा दहा टक्के लोकांत गाठीसारखा डाग दिसला. त्यांना कसलाही हार्मोनचा आजार नव्हता. त्यामुळे नुसते वजन वाढले, थकवा येतो म्हणून एमआरआय काढला आणि त्यात ४ मिमीचा डाग निघाला, तर तो डाग तुमच्या तक्रारीचे कारण असेलच असे नाही.

कुशिंगसाठी तीन पहिल्या फळीच्या तपासण्या आहेत: रात्री ११ वाजता १ मिग्रॅ डेक्सामेथासोन घेऊन सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, रात्री उशिराच्या लाळेतले कॉर्टिसॉल, आणि २४ तासांच्या लघवीतले कॉर्टिसॉल. शेवटच्या दोन किमान दोनदा. डेक्सामेथासोननंतर कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले नाही तर शंका धरतात. ही तपासणी फसवणारी कारणे आपल्याकडे भरपूर: क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर डेक्सामेथासोन यकृतात लवकर संपते आणि खोटा "पॉझिटिव्ह" येतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्तातले एकूण कॉर्टिसॉल फुगते. त्या सुमारे सहा आठवडे आधी बंद कराव्या लागतात.

आणखी एक. चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे रुंद पट्टे येणे, खुर्चीतून उठताना मांड्यांत ताकद न राहणे, हे सगळे बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडनेही होते, आणि तेच सर्वांत सामान्य कारण आहे. दम्याच्या गोळ्या, सांध्यांतली इंजेक्शने, गोरेपणाची मलमे, लेबल नसलेल्या पुड्या यांची चौकशी आधी व्हायला हवी. तेव्हा शरीराचे स्वतःचे एसीटीएच दबलेले असते आणि पिट्युटरीच्या स्कॅनचा प्रश्नच उरत नाही.

कॉर्टिसॉल जास्त आहे हे ठरले की एसीटीएच पाहतात. १० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर दोष बहुधा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, २० च्या वर असेल तर पिट्युटरीत किंवा शरीरात इतरत्र लपलेल्या एसीटीएच बनवणाऱ्या गाठीत. मधला आकडा आला तर पुन्हा तपासतात. एसीटीएचची नळी बर्फात ठेवून लगेच थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या बाबतीत हे विचारून घ्या. या एका चुकीने माणूस अ‍ॅड्रिनलच्या सीटीकडे वळवला जातो.

तीन मिलिमीटर म्हणजे किती

पिट्युटरी स्वतःच हरभऱ्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. १० मिमीपेक्षा लहान गाठीला मायक्रोअ‍ॅडेनोमा म्हणतात. कुशिंगच्या बहुतेक गाठी याच गटातल्या, आणि त्यांतल्या कित्येक ६ मिमीहूनही लहान: मोहरीच्या दाण्यापासून तुरीच्या डाळीपर्यंत. हरभऱ्यात रुतलेली मोहरी बाहेरून शोधायची, असा हा प्रकार आहे. चांगला एमआरआय करूनही कुशिंगच्या सुमारे तिघांपैकी एकात गाठ दिसत नाही.

मोठ्या गाठी तक्रारी घेऊन येतात: नजर जाते, डोके दुखते. इथे तसे नसते. एवढीशी गाठ, पण तिचे एसीटीएच दोन्ही अ‍ॅड्रिनलना दिवसरात्र कामाला लावते. आजाराची तीव्रता आणि गाठीचा आकार यांचा काही मेळ नाही, हे घरच्यांना समजावणे अनेकदा सर्वांत अवघड जाते.

१.५ टेस्ला की ३ टेस्ला

कागदावर ३ टेस्लाला सिग्नल दुप्पट मिळतो. तो सिग्नल पातळ काप घेण्यात खर्च केला तरच फायदा. ३ टेस्लाच्या यंत्रावर ३ मिमीचे जाड काप काढणारे सेंटर आणि १.५ टेस्लावर नीट पिट्युटरी प्रोटोकॉल करणारे सेंटर यांत दुसरे निवडा.

कापांच्या जाडीला एवढे महत्त्व का? पिट्युटरीची पुढून मागची लांबी साधारण ८ ते १० मिमी. समोरून, म्हणजे कोरोनल दिशेने, ३ मिमीचे काप घेतले तर अख्ख्या ग्रंथीतून जेमतेम तीन काप जातात. कोथिंबीर वडीच्या उंड्यात एकच शेंगदाणा आहे आणि सुरी नेमकी त्याच्यावरून गेली, तर अर्धा या वडीत, अर्धा त्या वडीत. वडीत निदान तो अर्धा तरी दिसतो. एमआरआयचा काप त्याच्या जाडीतल्या सगळ्याची सरासरी दाखवतो, त्यामुळे ३ मिमीची गाठ दोन कापांत वाटली गेली की आजूबाजूच्या निरोगी भागात मिसळून फिकट होते आणि नाहीशी होते. दोन कापांमध्ये रिकामे अंतर सोडले असेल तर आणखी वाईट. १ मिमीच्या कापांत तीच गाठ सलग तीन कापांत दिसते, आणि लागोपाठ तीन कापांत दिसणाऱ्या डागावर विश्वास ठेवता येतो.

३ टेस्लाचा तोटाही आहे. पिट्युटरीच्या लगेच खाली स्फिनॉइड सायनसची हवा असते. हवा आणि हाड यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वेडेवाकडे होते, आणि जितके टेस्ला जास्त तितकी ही विकृती जास्त. ग्रंथीच्या तळाशी काळा ठिपका दिसला की तो गाठ आहे की हवेची करामत, हा प्रश्न ३ टेस्लावर जास्त वेळा पडतो. दातांना तारा असतील तर कधी कधी सगळाच भाग वाकडा दिसतो. तार काढता येईल का, हे दंतवैद्याला आधीच विचारा. पेसमेकर किंवा कानातले कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर कोणत्या टेस्लापर्यंत चालते हे त्या उपकरणाच्या कार्डावर लिहिलेले असते. काही उपकरणे फक्त १.५ ला चालतात.

डायनॅमिक: घड्याळाशी शर्यत

पिट्युटरी रक्त–मेंदू अडथळ्याच्या बाहेर आहे, म्हणून गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट तिच्यात भराभर शिरते. आधी देठ आणि मागचा लोब उजळतो, मग पुढचा लोब. निरोगी भाग लवकर उजळतो, गाठ मागे राहते. इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटापासून दीड-दोन मिनिटांपर्यंत हा फरक सर्वाधिक असतो. पुढे गाठही कॉन्ट्रास्ट पिते आणि फरक पुसला जातो.

डायनॅमिकमध्ये म्हणूनच इंजेक्शन सुरू होताच दर १० ते २० सेकंदांनी त्याच त्याच कापांचे फोटो घेतात, दोन-तीन मिनिटे. कॉन्ट्रास्टची नेहमीची मात्रा किलोला ०.१ मिलिमोल, ६० किलोच्या माणसाला ०.५ मोलर औषधाचे १२ मिली, गॅडोब्युट्रॉलसारख्या १ मोलर औषधाचे ६ मिली. काही केंद्रे पिट्युटरीसाठी मुद्दाम निम्मीच मात्रा देतात, कारण जास्त कॉन्ट्रास्टने शेजारचा कॅव्हर्नस सायनस (शिरांची रक्ताने भरलेली पोकळी) इतका झळाळतो की कडेची गाठ झाकली जाते.

बिघडते कुठे? हाताने सावकाश दिलेले इंजेक्शन. कॉन्ट्रास्ट एकदम गेले नाही तर निरोगी भागाची आघाडीच उरत नाही; पॉवर इंजेक्टर आणि मागोमाग सलाइनचा फ्लश हवा. दुसरे, रुग्णाने नेमक्या त्या दोन मिनिटांत गिळणे किंवा मान हलवणे. तिसरे, काप. वेग मिळवण्यासाठी डायनॅमिकमध्ये बहुधा २ ते ३ मिमीचे मोजकेच काप घेतात. वेळेची बारकाई मिळते ती जागेची बारकाई देऊन.

एसपीजीआर: वेळ कमी महत्त्वाचा, काप पातळ

एसपीजीआर हा एमआरआयचा थ्रीडी ग्रेडियंट एको प्रकार. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावे देतात, त्यामुळे काउंटरवर "कॉन्ट्रास्टनंतर १ मिमीचा थ्रीडी टी-१" असे विचारलेले बरे (टी-१, टी-२ हे एमआरआय फोटोंचे प्रकार). संपूर्ण भागाचा एकच ठोकळा घेऊन त्याचे १ मिमीचे सलग काप पाडता येतात.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने शस्त्रक्रियेत सिद्ध झालेल्या कुशिंग रुग्णांत दोन्ही प्रकार ताडून पाहिले: स्पिन एको या एमआरआयच्या नेहमीच्या पद्धतीने ४९ टक्के गाठी सापडल्या, एसपीजीआरने ८०. खोटे डाग मात्र २ वरून ४ टक्क्यांवर गेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता: कुशिंगच्या सूक्ष्म गाठींसाठी थ्रीडी एसपीजीआर हे डायनॅमिक स्पिन एकोपेक्षा सरस.

म्हणजे डायनॅमिकचे पैसे वाया? तसे नाही. दोन्ही एकाच इंजेक्शनवर होतात. कॉन्ट्रास्ट देताना डायनॅमिक, ते संपताच तीन-चार मिनिटांचा एसपीजीआर, मग उरलेले. काही गाठी फक्त एकात दिसतात. पण सेंटर यांपैकी एकच करत असेल आणि प्रश्न कुशिंगचा असेल, तर १ मिमीच्या थ्रीडीचा आग्रह धरा. "डायनॅमिक केले आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

| तपासणी | बारकाई | बळ | फसते कुठे |
|---|---|---|---|
| साधा ब्रेन एमआरआय | ५ मिमी काप | मोठी गाठ, रक्तस्राव | सूक्ष्म गाठीसाठी निरुपयोगी |
| पिट्युटरी स्पिन एको, कॉन्ट्रास्टसह | २–३ मिमी | स्वच्छ चित्र, खोटे डाग कमी | लहान गाठ सरासरीत विरते |
| डायनॅमिक | २–३ मिमी, दर १०–२० सेकंद | उशिरा उजळणारी गाठ | हालचाल, सावकाश इंजेक्शन |
| थ्रीडी एसपीजीआर | १ मिमी | सर्वाधिक गाठी पकडतो | खोटे डाग, हवेजवळ विकृती |
| पेट, एमआरआयवर जुळवून | ४–५ मिमी | गाठीचे काम दिसते | मोजकी केंद्रे, निरोगी भागही तळपतो |
| आयपीएसएस | चित्र नाही | पिट्युटरी की इतरत्र, हे ठरते | बाजू सांगण्यात कच्चे |

टी-२ चे कोरोनल काप या यादीत नाहीत, पण ते वगळू नयेत. दोन लोबांच्या मध्ये बसलेली राथके क्लेफ्ट सिस्ट ही द्रव भरलेली पिशवी कुशिंगच्या गाठीची नेहमीची तोतया; ती बरोबर मधोमध असते, कॉन्ट्रास्ट घेत नाही आणि कधी कधी कॉन्ट्रास्टआधीच्या टी-१ मध्येही पांढरी दिसते. म्हणून कॉन्ट्रास्टआधीचे टी-१ आणि टी-२ नसतील तर नंतरच्या फोटोतला काळा ठिपका कशाचा, हे सांगता येत नाही. कॉन्ट्रास्टनंतर उशिरा घेतलेला फ्लेअर हा एमआरआयचा प्रकार आणखी एक उपाय. थोड्याच रुग्णांत, पण इतर कशात न दिसलेली गाठ तो दाखवतो, आणि नवे इंजेक्शन लागत नाही.

७ टेस्लाबद्दल विचारणा खूप होते. अमेरिकेत २०१७ पासून त्याला रुग्णांसाठी मंजुरी आहे आणि ३ टेस्लावर न दिसलेल्या काही गाठी त्यात दिसल्या आहेत. पण स्फिनॉइडच्या हवेचा त्रास तिथे कळस गाठतो, आणि यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी. त्यासाठी उपचार थांबवून वाट पाहण्यात अर्थ नाही. सीटी स्कॅन या आकाराच्या गाठीला जवळजवळ आंधळा आहे. एमआरआय शक्यच नसेल किंवा शस्त्रक्रियेआधी हाडाचा नकाशा हवा असेल तेव्हाच तो उपयोगी.

पेट: गाठीचा आकार नव्हे, तिची भूक

पेटमध्ये किरणोत्सारी रेणू देऊन तो कुठे गोळा होतो ते पाहतात. पेटची बारकाई ४ ते ५ मिमीची, म्हणजे एमआरआयपेक्षा ढोबळ. ३ मिमीची गाठ तरी दिसू शकते, कारण ती आजूबाजूपेक्षा खूप तळपत असेल तर पसरट का होईना, ठिपका उमटतो. अट एकच: तो फोटो १ मिमीच्या थ्रीडी एमआरआयवर नेमका जुळवायला हवा. नुसता पेट रिपोर्ट "सेला भागात (पिट्युटरीच्या हाडातल्या खोबणीत) वाढलेला अपटेक" म्हणाला तर त्याने शस्त्रक्रियेला काही मदत होत नाही.

ट्रेसर, म्हणजे तो किरणोत्सारी रेणू, कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. कर्करोगासाठी सर्वत्र मिळणारा एफडीजी सूक्ष्म गाठींत कमकुवत पडतो. कार्बन-११ मेथिओनीन चांगला, पण त्याचा अर्धायुष्यकाळ २० मिनिटे. सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. गॅलियम-६८ चा अर्धायुष्यकाळ ६८ मिनिटे आणि तो जनरेटरमधून काढता येतो, म्हणून आपल्याकडे जास्त सोयीचा. त्यावर सीआरएच (एसीटीएच स्रवायला लावणारे मेंदूतले हार्मोन) बांधून थेट एसीटीएच पेशींनाच शोधण्याचे काम चंडीगडच्या पीजीआयमधून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कल्पना देखणी आहे: कुशिंगच्या गाठीवर सीआरएचचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, इतरत्रच्या गाठींवर बहुधा नसतात, त्यामुळे कुठे हा प्रश्नही सुटू शकतो. पण हे अजून रोजच्या सेवेत सर्वत्र नाही.

गॅलियम डोटाटेटची मात्र गल्लत करू नका. तो निरोगी पिट्युटरीतही गोळा होतो, त्यामुळे तिथली गाठ शोधायला नको. फुफ्फुसात किंवा स्वादुपिंडात लपलेली एसीटीएचची गाठ शोधायला हवा. रिपोर्टमध्ये "पिट्युटरीत अपटेक" वाचून घाबरण्याचे कारण नाही.

आयपीएसएस: चित्र नाही, तरी सर्वांत भरवशाचे उत्तर

पिट्युटरीचे रक्त दोन्ही बाजूंच्या इन्फिरिअर पेट्रोसल सायनसमधून, म्हणजे कवटीच्या तळाच्या शिरांमधून, खाली उतरते. दोन्ही जांघांतल्या शिरांतून नळ्या तिथवर नेतात आणि तिन्ही ठिकाणांहून, डावा सायनस, उजवा सायनस आणि हात किंवा पायाची शीर, एकाच क्षणी रक्त घेतात. मग उत्तेजक (एसीटीएच स्रवायला लावणारे औषध) देऊन साधारण ३, ५ आणि १० मिनिटांनी पुन्हा. जगात अनेक ठिकाणी सीआरएच देतात. ते महाग आणि मिळायला अवघड, म्हणून अनेक केंद्रे डेस्मोप्रेसिन १० मायक्रोग्रॅम शिरेतून देतात. त्या दिवशी पाणी बेताने प्यायचे, नाहीतर सोडियम घसरते.

वाचन सरळ आहे. सायनसमधले एसीटीएच बाहेरच्यापेक्षा उत्तेजकाआधी दुप्पट किंवा नंतर तिप्पट असेल तर उगम पिट्युटरीत. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या २८१ रुग्णांवर हे निकष बसवले गेले.

हे करण्याआधी कुशिंग पक्का झालेला असलाच पाहिजे, कारण निरोगी माणसातही हेच गुणोत्तर "पिट्युटरी" असेच येते. आणि त्या दिवशी कॉर्टिसॉल प्रत्यक्ष वाढलेले हवे. आजार अधूनमधून येणारा असेल किंवा केटोकोनाझोल घेऊन कॉर्टिसॉल खाली आले असेल, तर निरोगी एसीटीएच पेशी जाग्या होतात आणि फुफ्फुसातल्या गाठीच्या रुग्णातही उत्तर पिट्युटरीकडे बोट दाखवते. लाळेचे किंवा लघवीचे कॉर्टिसॉल आदल्या एक-दोन दिवसांत पाहून घेणारे केंद्र हवे.

खोटे "नाही" येण्याची कारणे वेगळी. सायनस जन्मतःच बारीक असणे, नळी सरकणे. यासाठी त्याच नमुन्यांत प्रोलॅक्टिनही मोजतात: सायनसमधले प्रोलॅक्टिन बाहेरच्यापेक्षा १.८ पटीहून जास्त असेल तर नळी जागेवर होती. प्रोलॅक्टिन मोजलेच नसेल आणि उत्तर "पिट्युटरी नाही" असेल, तर त्या उत्तरावर छातीचे ऑपरेशन ठरवू नये. याखेरीज लेबलांची अदलाबदल ही अगदी मामुली वाटणारी, पण खरोखर घडणारी चूक. तीन ठिकाणे, चार-पाच वेळा, म्हणजे डझनभर नळ्या, सगळ्या बर्फात. डावे-उजवे उलटले की संपले.

बाजूचे काय? दोन सायनसांतले गुणोत्तर १.४ पेक्षा जास्त असेल तर त्या बाजूला गाठ, असे म्हणतात. ते साधारण तीनपैकी दोनदाच खरे ठरते, कारण ग्रंथीचे रक्त एकाच शिरेकडे वळलेले असू शकते. एवढ्या आधारावर अर्धी ग्रंथी काढण्याचा निर्णय कच्चा.

जांघेत रक्त साकळणे हा सर्वाधिक आढळणारा त्रास. ब्रेनस्टेमला इजा किंवा शिरेत गुठळी अत्यंत क्वचित. कुशिंगमध्ये रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते, म्हणून हेपॅरिन दिले जाते. वर्षातून एखाद-दुसरे आयपीएसएस करणाऱ्या ठिकाणी जाण्यापेक्षा प्रवास करून नियमित करणाऱ्या केंद्रात जा.

मग ते कोणी करावे? पिट्युटरी सोसायटीच्या २०२१ च्या सहमतीनुसार, १० मिमी किंवा मोठी गाठ स्पष्ट दिसत असेल तर आयपीएसएस नको. काहीच दिसत नसेल किंवा ६ मिमीपेक्षा लहान डाग असेल तर करा. ६ ते ९ मिमीच्या बाबतीत तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमचे मत: रुग्ण मध्यमवयीन, लक्षणे हळूहळू आलेली, पोटॅशियम ठीक, आणि ७–८ मिमीची गाठ तिन्ही प्रकारच्या कापांत एकाच जागी असेल तर शस्त्रक्रियेकडे जाणे रास्त. लक्षणे काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, पोटॅशियम खूप कमी, एसीटीएच खूप जास्त, तर ७ मिमीचा डाग असूनही आयपीएसएस आणि छातीचा सीटी करून घ्यावा. दहा टक्के लोकांच्या पिट्युटरीत डाग असतोच, हे इथे विसरायचे नाही.

प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोन

प्रोलॅक्टिनच्या बाबतीत स्कॅनची घाई महागात पडते. आम्लपित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत डोम्पेरिडॉन किंवा लेव्होसल्पिराइड असते. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात, लेव्होसल्पिराइड तर चांगलेच. रिस्पेरिडॉनही तसेच. गर्भधारणा आणि थायरॉइडची कमतरता तपासा, पोटाचे औषध तीन दिवस बंद करून प्रोलॅक्टिन पुन्हा मोजा (मनोविकाराचे औषध मात्र मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नका), मॅक्रोप्रोलॅक्टिन (आकडा फुगवणारे प्रोलॅक्टिनचे निष्क्रिय रूप) नाही ना ते पाहा. हे सगळे झाल्यावरही वाढलेलेच असेल तर एमआरआय. इथे नेहमीचा पिट्युटरी प्रोटोकॉल पुरतो, कारण उपचार कॅबरगोलिनच्या गोळीने सुरू होतो आणि गाठ ३ मिमीची की ५ ची, यावर तो फारसा बदलत नाही. पेट, आयपीएसएस यांची गरज नाही.

ग्रोथ हार्मोनच्या गाठी बहुतेकदा सापडतात तेव्हा १० मिमीच्या पुढे गेलेल्या असतात. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे वाढणारे रक्तातले हार्मोन) वाढलेले आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरही ग्रोथ हार्मोन दबत नसेल, तर साधा पिट्युटरी एमआरआयही गाठ दाखवतो. तिथे टी-२ वर लक्ष द्या: त्यात काळपट दिसणारी गाठ ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधांना अधिक चांगला प्रतिसाद देते.

चिठ्ठी आणि काउंटर

चिठ्ठीवर "एमआरआय ब्रेन" नको. "एमआरआय पिट्युटरी, कॉन्ट्रास्टसह, डायनॅमिक आणि १ मिमी थ्रीडी" असे हवे, आणि खाली हार्मोनचे आकडे. रेडिऑलॉजिस्टला "कुशिंग पक्का, एसीटीएच वाढलेले" हे माहीत असले की तो त्याच ३ मिमीच्या फिकट भागाकडे दुसऱ्यांदा पाहतो. नुसते "डोकेदुखी" लिहिले तर पाहणार नाही. फोन करून एवढे विचारा: कॉन्ट्रास्टनंतर कापांची जाडी किती, इंजेक्टर आहे का, छायाचित्रक्षेत्र १६ ते १८ सेमीचे घेता का. तिन्ही उत्तरे चटकन मिळाली तर जागा ठीक. पूर्ण तपासणीला ३० ते ४० मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांत आटपले तर काहीतरी वगळले आहे.

सोबत क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या. ईजीएफआर (किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्टचा निर्णय किडनीच्या डॉक्टरांशी बोलून. गर्भारपणात गॅडोलिनियम टाळतात. अंगावर पाजत असाल तर दूध थांबवण्याची गरज नाही.

फिल्मवर विसंबू नका, सीडी किंवा लिंक मागा, आणि ती डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलच्या) स्वरूपातली असू द्या. रिपोर्ट "सामान्य" आला तर लगेच दुसरा स्कॅन काढण्याआधी हीच सीडी पिट्युटरी रोज पाहणाऱ्या न्यूरोरेडिऑलॉजिस्टकडे न्या. काप पुरेसे पातळ असतील तर दुसऱ्या डोळ्यांना अनेकदा गाठ सापडते, तीही फुकट किंवा थोड्या पैशांत.

एमआरआय कोरा, आयपीएसएस म्हणते पिट्युटरी

शस्त्रक्रिया करता येते. सर्जन नाकातून जाऊन ग्रंथीत पद्धतशीर छेद घेत गाठ शोधतो. कॅव्हर्नस सायनसची बाजू आणि मागचा लोबही पाहतो. पण दिसणाऱ्या गाठीपेक्षा इथे यश कमी आणि पिट्युटरीचे इतर हार्मोन कमी पडण्याचा धोका जास्त, म्हणून सर्जनचा अनुभव स्कॅनरच्या टेस्लापेक्षा मोलाचा. मेथिओनीन किंवा सीआरएच पेट मिळत असेल तर ते याच टप्प्यावर, शस्त्रक्रियेआधी करून घ्यावे. रुग्णाला थांबणे परवडत असेल तर औषधांनी कॉर्टिसॉल आटोक्यात ठेवून ६ ते १२ महिन्यांनी त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने पुन्हा एमआरआय काढतात. यंत्र बदलले की जुन्या-नव्या कापांची तुलना धड होत नाही, म्हणून पहिल्याच वेळी सेंटर नीट निवडून त्याचे नाव आणि प्रोटोकॉल फाइलमध्ये लिहून ठेवा.